जॅकशाफ्टचं बेअरिंग: घरच्या ई-सायकलीच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

आवाज आठवडाभर येतच होता. आधी वाटलं चेन कोरडी पडली, तेल सोडलं. मग वाटलं मडगार्ड घासतंय, ते वाकवलं. शुक्रवारी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावहून परत येताना उजळाईवाडीच्या चढावर जात्यात खडे भरडावेत तसा आवाज सुरू झाला. घरी पोचेपर्यंत मागून येणारे लोक वळून बघायला लागले होते.

आज खोललं. जॅकशाफ्टच्या (मोटार आणि मागचं चाक यांच्या मधल्या आडव्या शाफ्टच्या) टोकाचं दात्यांचं चाक हातात धरून हलवलं तर वर-खाली डोळ्यांना दिसेल इतका खेळ. डाव्या बेअरिंगच्या पत्र्याच्या झाकणाखालून चहाच्या गाळासारखं तपकिरी पाणी बोटावर आलं. ग्रीसचा पत्ता नाही.

नोंदी आजपासून नीट ठेवायच्या, म्हणून रचना एकदा लिहून टाकतो. २६ इंची लोखंडी सायकल. २४ व्होल्टची, २५० वॅटची साधी ब्रशवाली मोटार, मिनिटाला २६५० फेरे. ती कॅरिअरवर. तिथून बारीक पिचची (कड्यांमधलं अंतर कमी असलेली) चेन, ११ दाते ते ६५ दाते, जॅकशाफ्टवर. शाफ्ट सीटच्या नळीमागे आडवा. त्याच्या डाव्या टोकाला अर्धा इंच पिचचं ९ दात्यांचं चाक, तिथून मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला २० दात्यांचं फ्रीव्हील (डिस्कच्या सहा बोल्टांवर अडॅप्टर लावून, तोंड आत करून बसवलेलं, नाहीतर डावीकडे ते उलटंच धरतं). हिशेब मागच्या चाकाला मिनिटाला दोनशे फेरे, म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या आसपास. पायडलची बाजू उजवीकडे, जशी होती तशी.

जॅकशाफ्टला ६००१ झेडझेड नंबरची दोन बेअरिंगं. १२ मिमी बोअर (आतलं भोक), २८ बाहेरचा व्यास, ८ जाडी. नोव्हेंबरात बसवलेली. रोजचे जाऊन-येऊन २२ किलोमीटर धरले तर १३०० किलोमीटर झाले असतील. तासांत मोजलं तर जेमतेम साठ.

१४ फेब्रुवारी

मेलेलं बेअरिंग फेकायचं नाही, कापून बघायचं, हे आमच्या मेंटेनन्सच्या खात्यात शिकलोय. दोन्हींच्या बाहेरच्या रिंगा ग्राइंडरने चिरल्या आणि रॉकेलमध्ये धुऊन उन्हात भिंगाखाली धरल्या.

डावं, म्हणजे ९ दात्यांच्या बाजूचं, गंजून मेलं. छर्ऱ्यांवर काळे ठिपके, रिंगेच्या चाकोरीत पापुद्रे सुटलेले. आत माती. माती म्हणजे आपली गोकुळ शिरगावच्या रस्त्याची, उसाच्या ट्रॉल्या शेतातून चाकांना बांधून आणतात ती काळी चिकट माती. मागच्या टायरने ती उचलून थेट शाफ्टवर मारलीय. झेडझेडचं झाकण म्हणजे पत्रा. तो आतल्या रिंगेला टेकत नाही, केसाएवढी फट राहते. धुळीला तो अडवतो. पाण्याला नाही.

उजवं जास्त बोलकं निघालं. त्यात गंज कमी, पण आतल्या रिंगेवर आठ बारीक खड्डे, अगदी समान अंतरावर. छर्रेही आठच. हे वापराने होत नाही. हे मीच केलंय. शाफ्टवर बसवताना सॉकेट बाहेरच्या रिंगेवर टेकवून हातोडी मारली होती, कारण शाफ्टवर मावेल असा पाइप त्या दिवशी हाताशी नव्हता. प्रत्येक घाव छर्ऱ्यांमधून आतल्या रिंगेत उतरला. म्हणजे हे बेअरिंग पहिल्या किलोमीटरच्या आधीच गेलेलं होतं, मी फक्त तीन महिने ते फिरवलं.

तिसरी खूण दोन्हींत सारखी. बाहेरच्या रिंगेवर छर्ऱ्यांनी उमटवलेली चाकोरी मधोमध सरळ नाही, तिरकी आहे. एका बाजूला ती काठाकडे सरकते आणि समोरच्या बाजूला दुसऱ्या काठाकडे. घर, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं ते कवच, वाकडं असल्याची ही सही. पाइपाच्या दोन तुकड्यांत बोअर मारून ते पट्टीवर वेल्ड केले होते. वेल्डिंगने ओढ घेतली असणारच.

१८ फेब्रुवारी

आज कागदावर बसलो. खरं तर हे नोव्हेंबरात करायला हवं होतं.

२५० वॅट, शाफ्टचे ४४८ फेरे, पीळ (टॉर्क) ५.३ न्यूटन-मीटर. ९ दात्यांच्या चाकाचा पिच-व्यास ३७ मिमी. चेनची ओढ निघते २८७ न्यूटन, म्हणजे २९ किलोच्या आसपास. मोटारकडच्या मोठ्या चाकावर ओढ ८१ न्यूटनच, ती सोडून दिली. माझं चाक डाव्या बेअरिंगच्या ४५ मिमी बाहेर लोंबकळत होतं आणि दोन बेअरिंगांत अंतर फक्त ५० मिमी. तरफेच्या हिशेबाने डाव्या बेअरिंगवर ५४५ न्यूटन.

६००१ चा डायनॅमिक लोड (ज्या भाराखाली बेअरिंग दहा लाख फेरे टिकतं तो) ५१०० न्यूटन धरला. भागिले ५४५, म्हणजे ९.३६. त्याचा घन ८२० दशलक्ष फेरे. तासांत साधारण तीस हजार.

तीस हजार तास कागदावर, साठ तास रस्त्यावर. दोनदा तपासलं, शून्य चुकलेलं नाही. सुरू होताना मोटार तिप्पट ओढते असं धरून पुन्हा केलं, तरी अकराशे तास येतात.

गंमत म्हणून पायाचाही हिशेब केला. मी ७५ किलोचा माणूस १७० मिमीच्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) पूर्ण वजनाने उभा राहिलो तर ४४ दात्यांच्या चाकावरून चेनला १४०० न्यूटन ओढ बसते. मोटारच्या जवळपास पाचपट! म्हणजे 'मोटार लावलीय, आता हेवी बेअरिंग पाहिजे' हे जे सगळे सांगतात (मी पण सांगत होतो) ते निदान ओढीच्या बाबतीत खरं नाही. मोटारचा त्रास ओढीचा नसून फेऱ्यांचा आहे: पाय मिनिटाला साठ-सत्तर फेरे मारतो, तेही उतारावर थांबतो. शाफ्ट साडेचारशे मारतो आणि थांबत नाही. त्यामुळे वाकडेपणा, माती, पाणी यांना तो कितीतरी जास्त वेळा भेटतो.

तर प्रश्न कुठलं बेअरिंग घ्यायचं हा राहिलाच नाही. जे घेईन ते भाराला पुरेल. त्याला राहायला कसं घर द्यायचं हे ठरवायचंय.

२५ फेब्रुवारी

तरी बेअरिंग घ्यायचंच होतं. शाहूपुरीत दोन तास गेले.

पहिला विचार तयार पेडेस्टलचा, यूसीपी २०४. ओतीव घर, आत गोलाकार बसणारं बेअरिंग, वाकडं असलं तरी बसवताना आपोआप जुळवून घेतं. वेल्डिंगच्या पापावर हा उत्तम उतारा. पण एक नग पाऊण किलोच्या घरात, शाफ्ट २० मिमीचा लागणार, आणि दोन पेडेस्टल सीटच्या नळीमागे मावत नाहीत. पिठाच्या गिरणीला ठीक. सोडलं.

दुसरा विचार स्वतःच जुळवून घेणारं दोन ओळींचं बेअरिंग, १२०२. याची जन्मकथा मला फार आवडते. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर होता. तिथली जमीन चिकणमातीची, इमारत खचायची, लांबलचक शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंगं जळायची. वैतागून त्याने १९०७ मध्ये बाहेरची रिंग आतून गोलाच्या आकाराची केली, म्हणजे शाफ्ट कलला तरी छर्रे त्या गोलात सरकून जागा घेतात. त्यातूनच एसकेएफ उभी राहिली. माझा आजार तोच, मग औषधही तेच का नको? कारण दुकानात मिळणारं १२०२ उघडं असतं, बाजूला झाकण नाही. गिरणीत छप्पर होतं. माझ्या शाफ्टवर मागचा टायर चिखल फेकतो. सीलवालं २२०२ असतं, पण ते तीन दुकानांत नव्हतं आणि मागवलं तर किती दिवस हे कुणी सांगेना.

सुईचं बेअरिंग बारीक आणि मजबूत, पण त्यातल्या सुया थेट शाफ्टवर फिरतात. शाफ्ट कडक करून ग्राइंड केलेला लागतो. माझा ईएन-८, म्हणजे साधं पोलाद. नको.

शेवटी ६२०२-२आरएस. १५ बोअर, ३५ बाहेरचा व्यास, ११ जाडी. प्रत्येक स्कूटर-पंप दुरुस्तीवाल्याकडे असतं, रात्री आठला गेलं तरी मिळतं, आणि दोनशेच्या आत. दोन्ही बाजूंना रबराचं सील, ओठ आतल्या रिंगेला टेकलेला. फिरवताना हाताला किंचित जड लागतं. लागू दे.

काउंटरवरचे म्हणाले, "सी३ घ्या की, हेवी असतंय." हा गैरसमज इतका पसरलाय की दुकानदारही आता त्यावर विश्वास ठेवतात. सी३ म्हणजे आतला खेळ नेहमीपेक्षा मोठा. जिथे शाफ्ट गरम होऊन फुगतो किंवा बेअरिंग फार घट्ट दाबून बसवतात तिथे तो खेळ खाल्ला जातो, म्हणून आधीच जास्त ठेवतात. माझा शाफ्ट हाताला कोमटसुद्धा लागत नाही. साधं क्लिअरन्सवालं घेतलं.

एका दुकानात नामांकित कंपनीच्या डब्यातलं बेअरिंग निम्म्या भावात मिळत होतं. नंबर रिंगेवर छापलेला, नख मारलं तर निघाला. परत ठेवलं, काही बोललो नाही.

३ मार्च

नव्या बेअरिंग-घराचा नकाशा घेऊन उद्यमनगरात लेथवाल्या मिस्त्रींकडे. जुनं घर पिशवीतून नेलं होतं, ते त्यांनी नकाशाआधी बघितलं. आडवं धरलं, एका डोळ्यानं आरपार बघितलं आणि हसले.

"ह्येला वेल्डिंग कुणी मारलं?"

"मीच."

"मग बेअरिंगला कशाला शिव्या घालतोस भावा? घरच वाकडं हाय त्याचं."

मी सांगितलं की साध्या एका ओळीच्या बेअरिंगला दहा मिनिटांच्या कोनापेक्षा जास्त तिरकेपणा चालत नाही. इथली मिनिटं कोनाची, अंशाचा साठावा भाग. ५० मिमी अंतरावर ते दीड दशांश मिलिमीटरसुद्धा भरत नाही. माझं घर किती वाकडं होतं ते मिस्त्रींनी डायल लावून दाखवलं: साडेचार दशांश. मी गप्प.

त्यांचं म्हणणं साधं होतं. दोन तुकडे नकोत. ५० चा एकच गोल बार, लेथवर एका बांधणीत आरपार ३५ चा बोअर. जॉब चकातनं मधे काढायचा नाही. मग दोन्ही बेअरिंगं एकाच भोकात, वाकडी होणार कशी? मी दोन ठिकाणी पायऱ्या काढलेल्या होत्या, त्यांनी पेन्सिलीने खोडल्या. पायऱ्यांऐवजी डावीकडे सर्क्लिपचे (बेअरिंग अडवणाऱ्या स्प्रिंगच्या रिंगेचे) दोन खाचे.

बेअरिंगांतलं अंतर ५० वरून ९० मिमी केलं आणि दात्यांचं चाक आत सरकवून लोंबकळ ४५ वरून २२ वर आणली. डाव्या बेअरिंगवरचा भार ५४५ वरून ३५७ न्यूटन. त्याची तशी गरज नव्हती हे हिशेबाने दिसतंच, पण शाफ्ट कमी वाकला की चेनही सरळ चालते.

आणखी एक गोष्ट मला तिथेच, स्टुलावर बसल्या बसल्या सुचली, त्याबद्दल स्वतःला शाबासकी. १५-३५-७ हा ऑइल सीलचं सरळ बाजारी माप आहे. म्हणजे त्याच ३५ च्या बोअरमध्ये बेअरिंगच्या बाहेर एकेक ऑइल सील बसतं, वेगळं काही कोरावं लागत नाही. घराची लांबी १२० होते, वजन साडेनऊशे ग्रॅम. जड आहे. मान्य.

९ मार्च

बोअर झाला. मिस्त्रींनी बोअर डायल पाच ठिकाणी फिरवला: ३५ च्या वर १२ ते १८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). बेअरिंग हाताने ढकललं की सरकतं, पण सोडलं तर पडत नाही. शाफ्टच्या बैठका १५ च्या वर ४ ते ६ मायक्रॉन. म्हणजे आतली रिंग शाफ्टवर घट्ट, बाहेरची घरात हलकी. चेन नेहमी एकाच दिशेला ओढते आणि शाफ्ट फिरतो, तेव्हा फिरणारी रिंगच घट्ट हवी, नाहीतर ती शाफ्टवर सरकत सरकत त्याला खाते. 

१० मार्च

शाफ्ट काल रात्री फ्रीजरमध्ये ठेवला होता. सकाळी आईने मटारच्या पिशवीशेजारून तो काढून विचारलं, "हे लोखंड शिळं होतं का रे?" १५ मिमीचा शाफ्ट ४५ अंशांनी थंड झाला की साधारण ८ मायक्रॉन आकसतो. एवढ्यात घट्ट बैठकीचा बराचसा हट्ट निघून जातो.

घाई नको म्हणून सगळं आधी मांडून ठेवलं. सीलांची झाकणं पिनेने उचलून आत थोडं जास्त ग्रीस भरलं. कारखान्यातून येतं ते पोकळीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं असतं, जोरात फिरणाऱ्या मोटारीसाठी ते बरोबर आहे. साडेचारशे फेऱ्यांना ग्रीस तापायची भीती नाही आणि जितकी जागा ग्रीसने व्यापली तितकी पाण्याला कमी.

डावं बेअरिंग शाफ्टवर, पाइप फक्त आतल्या रिंगेवर टेकवून व्हाइसमध्ये दाबत नेलं. हातोडी कपाटात होती आणि कपाट बंद होतं. शाफ्टवरच्या खांद्याला, म्हणजे पायरीला, टेकताना 'टक्' असा एक आवाज येतो, तो आला. मग आतली सर्क्लिप, बेअरिंगसकट शाफ्ट, बाहेरची सर्क्लिप. हे बेअरिंग जखडलेलं. उजवं एकाच वेळी शाफ्टवर आणि घरात जायचं, म्हणून दोन्ही रिंगांवर टेकेल असा जाड वायसर घेऊन दाबलं. त्याला सर्क्लिप नाही, ते घरात पुढे-मागे सरकायला मोकळं. मागच्या वेळी दोन्ही टोकांचे नट आवळून मी दोन्ही बेअरिंगं एकमेकांवर दाबली होती आणि 'वा, खेळ अजिबात नाही' म्हणून खूश झालो होतो.

घर फ्रेमला दोन फाकीच्या क्लॅम्पने बांधलं. क्लॅम्प मधल्या पोकळ भागावर, बेअरिंगांच्या डोक्यावर नाहीत. तिथे आवळला असता तर गोल बोअर पुन्हा अंडाकृती. वेल्डिंग कुठेही नाही.

१७ मार्च

रंकाळ्याला तीन फेऱ्या. चेनचा आवाज ऐकू येतो. याआधी तो कधी ऐकूच आला नव्हता.

३१ मार्च

जोतिबाच्या चढाला नेली. मूर्खपणा. एकच गिअर असलेली मोटार चढावर निम्म्या वेगाला येते, करंट वाढतो आणि ती नुसती तापते. अर्ध्यात बंद केली, पायांनी आणि हातांनी वर नेली. मोटारला हात लावता येत नव्हता. जॅकशाफ्टच्या घराला लावला: थंड.

१६ जून

पावसाळा लागला. पहिल्या आठवड्यात रोज भिजली. ऑइल सीलाच्या ओठावर बाहेरून चिखलाची अंगठी तयार होते, ती कापडाने पुसतो. पाण्याचा पाइप जोरात मारायचा नाही असा घरी नियम केलाय. सर्व्हिसिंगवाल्याच्या प्रेशर पंपाने जितकी बेअरिंगं मेली असतील तितकी रस्त्याने मारली नसतील, असं माझं मत आहे.

२८ जुलै

राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, आठवडाभर सायकल बाहेर काढली नाही. त्याआधीच्या शनिवारी मागचं चाक हलायला लागलं होतं. जॅकशाफ्ट नव्हे, चाक. मोकळ्या वेळात खोललं. हबमधला डावा कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा नट) खड्ड्यांनी भरलाय.

कारण उघड आहे. मूळ सायकलीत सगळी ओढ उजवीकडे. आता मी डावीकडूनही ओढतोय, तेही रोज दोन तास... नाही, एक तास. हबचा डावा कोन आजवर आरामात होता.

१८ ऑगस्ट

हबमध्ये कार्ट्रिज (तयार, एकसंध) बेअरिंग बसवायचा मोह झाला. मिस्त्रींनी मोडता घातला आणि मलाही पटलं. छर्रे-वाटी-कोन हे दिसायला जुनाट, पण ते तिरक्या भाराचं बेअरिंग आहे. चाकाला वळणावर, खड्ड्यात बाजूने धक्के बसतात, ते झेलायला ही रचना चांगली, आणि झिजली की कोन पाव फेरा आवळून खेळ काढता येतो. कोन नवा, दोन्ही बाजूंचे पाव इंची छर्रे नवे, नऊ-नऊ. जुन्यात नवे मिसळले नाहीत, एखादा मोठा निघाला की तोच सगळा भार घेतो. कोन आवळताना क्विक रिलीज नाही, नटांचा एक्सल आहे, म्हणून चाक फ्रेममध्ये नट आवळून पुन्हा तपासलं. वाटीला इजा नव्हती, हे नशीब.

१० नोव्हेंबर

मार्चपासून ३१०० किलोमीटर. कारखाने सुरू होऊन ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत एकदा आत बघायचं ठरवलं होतं.

डावं ऑइल सील उपसलं. सील आणि बेअरिंग यांच्या मधल्या फटीत थोडी काळी खळ, म्हणजे ओठाच्या आत काहीतरी येतंच. बेअरिंगचं रबरी झाकण उचललं. ग्रीस कडेला किंचित करडं, आत मधासारखं. बोटांत चोळलं तर कचकच नाही. शाफ्ट फिरवला, आवाज नाही, खेळ नाही. उजवं उघडलंच नाही, चालतंय त्याला कशाला हात लावा.

डावं ऑइल सील बदललं, साठ रुपये. जुन्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा कापून मडगार्डला शाफ्टच्या पुढे टांगला, चिखल आधी त्यावर बसेल.

९ दात्यांचं चाक मात्र संपलंय. दाते विळ्यासारखे एका बाजूला वाकलेत आणि चेन त्यावरून उतरताना अडखळते. इतक्या लहान चाकावर चेन फार मुडपते, हे व्हायचंच होतं. ११ दात्यांचं लावलं तर मागे २४ चं फ्रीव्हील शोधावं लागेल. मंगळवारी शाहूपुरीत बघतो.